पहिल्या ऑर्डरचं कूपन

वणी, शुक्रवार संध्याकाळ

उद्या लग्नाचा वाढदिवस. यंदा कापूस नाही, यांचा जिनिंगचा कारखाना बंद, तेव्हापासून हे घरात गप्पच असतात. गेल्या दिवाळीत ऑनलाइन वाइन मागवली होती, तेव्हा किती हसले होते. म्हणून पुन्हा मागवली. पण कूपन फक्त पहिल्या ऑर्डरला, आणि माझा नंबर तेव्हाच वापरून झालेला. मग सासूबाईंचा नंबर टाकला. वर कॅशबॅकही. कूपनच्या नादात हे सुचलंच नाही, की बाटली घेऊन येणारा माणूस त्यांनाच शोधत येईल.

शाळेत शिकवून आले तर सासूबाई भेंडी चिरत होत्या. म्हणाल्या, "वयाचा पुरावा मागे तो. आधार दाखवलं म्या."

एकादशी न चुकवणारी बाई. आता मला काय काय ऐकवणार?

"फ्रिजात हाय, भाजीच्या मागं. तुह्या सासऱ्याले सांगतलं, सुनेचं टॉनिक हाय."

"आई, ते कूपन होतं म्हणून..."

भेंडीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "माहं कूपन आता संपलं ना?"

"हो."

"मंग पुढच्या खेपेले सासऱ्याचा नंबर टाकजो. पोरगं हसलं पायजे माहं."