भाव संध्याकाळी कळतो

३ एप्रिल
जव्हारच्या कॉलेजात ११वीला मागणी-पुरवठा घेतला. फळ्यावर दोन रेषा, जिथे मिळतात तिथे भाव. मागच्या बाकावरची मुलगी, "मॅडम, आमच्या मोगऱ्याचा भाव कुठं मिळतो?" वर्ग हसला, मीही. घरी दाभोशाला येईपर्यंत डोक्यात तेच. पहाटे आई आणि माझा भाऊ काशा कळ्या खुडतात, जीपवाल्याकडे पिशवी देतात, पिशवी मुंबईला जाते. भाव संध्याकाळी, दलालाच्या फोनवर. माल गेल्यावर भाव! आणि मी पोरांना दोन रेषा शिकवते.

५ एप्रिल
भाव आणखी उतरला. काशाचं डोकं फिरलंय. "पावसाआधी झाडां उपटतो नी भिवंडीला गोदामात जातो. म्हैन्याला किती येनार ता तरी ठावं ऱ्हाईल." ही झाडं आईने नदीवरून हंड्याने पाणी आणून जगवलीत. ती भाकरी थापत राहिली. मला भयंकर राग आला. कोणावर, ते कळेना.

९ एप्रिल
जव्हारला बँकेत, कर्जासाठी. पाड्यातल्या सगळ्यांनी मिळून टेम्पो घ्यायचा, माल आपणच नाशिकला न्यायचा, दलाल नको. साहेब सभ्य, चहा पाजला. मग विचारलं, विक्रीच्या पावत्या? दलाल पावती देत नाही, तोंडी आकडा सांगतो. "मग उत्पन्न कशावरून धरू, मॅडम? त्यात मध्यवर्ती बँकेनं दर वाढवलेत, वरूनच हात आखडता आहे."
पावती नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून टेम्पो नाही, टेम्पो नाही म्हणून दलाल, आणि दलाल म्हणून पावती नाही. हाच रेपो दर परवा पोरांकडून घोकून घेतला मी. तो आमच्याच टेम्पोला आडवा येईल असं वाटलं नव्हतं.

१२ एप्रिल
आमच्या अंगणात बैठक. मी म्हटलं, एक दिवस कोणीच खुडायचं नाही. पुरवठा थांबला की दलाल आपणहून फोन करेल. पुस्तकातलं बोलतेय हे कळत होतं. तरी सगळे हो म्हणाले, मॅडम सांगते म्हणून. काशाने मात्र कुदळ दाराशी आणून ठेवली. "एक दिस बगू, ताय. मंग माजां मी."

१६ एप्रिल
कोणीच खुडलं नाही. एकही घर फुटलं नाही. जीप आमच्या पिशव्यांशिवाय गेली, फार अभिमान वाटला.
संध्याकाळ झाली तरी दलालाचा फोन नाही. शेवटी मीच लावला. "आज तुमचा माल नव्हता का? लक्षात नाही आलं. आवक भरपूर आहे, मॅडम." भाव कालच्याहून कमी. अख्खा पाडा एक झाला आणि बाजाराला पत्तासुद्धा नाही. चिडून रडले.
तोवर कळ्या झाडावरच उमलल्या. एखादी चुकलेली कळी सोडली तर मोगरा इथे कधी फुलतच नाही, मिटलेला असतानाच जातो. आज सगळं रान पांढरं. पाडाभर वास. आई वाफ्यात नुसती उभी. "आसा दिसतो व्हय," म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

१७ एप्रिल
सगळ्यांनी पहाटे पुन्हा खुडलं. करणार काय. पिशव्या दलालाकडेच. आईने ओंजळभर कळ्या मागे ठेवल्या, गजरा केला, माळला, आणखी दोन पदरात बांधले. माझ्याबरोबर जव्हारला यायला निघाली, दवाखान्यात.
जीपमध्ये लग्नाला निघालेली एक बाई. "गजरा मस्त आहे मावशी. आणखी आहेत का? केवढ्याला?"
आईने भाव सांगितला. लगेच, कोणाला न विचारता. बाईने दोन्ही घेतले. आई उतरेपर्यंत हसत होती. आमच्या फुलाचा भाव आमच्या घरातल्या माणसाने सांगितलेला मी पहिल्यांदा ऐकला.
घरी काशाला सांगितलं. "जव्हारात रोज गजरं घेनाऱ्या बाया किती, ताय? नी पाड्यातल्या समद्याच इकाया बसल्या मंग?" बरोबर आहे त्याचं. हेच मी फळ्यावर शिकवते. कुदळ दाराशीच आहे.
भाकरी थापता थापता आई म्हणाली, "उद्याला केवढ्याला सांगू गं?"
अर्थशास्त्रात एम.ए. आहे मी. नाही सांगता आलं.