बाथरूमचं दार मी काढलं

खामगाव,
शनिवार

प्रिय सौमित्र,

देवानंद भाऊजी उद्या जलंबहून गाडी धरून तुझ्याकडे परत येतील, त्यांच्याजवळ हे पत्र देते आहे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचलेला दिसतो, उत्तर येत नाही. ही तक्रार नाही. लिहायला बसले तर सगळं एका दमात सांगून होईल असं वाटलं, म्हणून लिहिते आहे.

इकडे बरं आहे. आईंचे गुडघे थंडीत फार दुखले, संक्रांतीनंतर उन्हं तापायला लागली तसं कमी झालं. जिनिंगमध्ये कापसाची आवक अजून आहे. मी ऑफिसात जाते, वजनकाट्याच्या पावत्या करते, डबा खाते, घरी येते. लोक विचारतात, कशी आहेस. मी म्हणते, बरी आहे. ते खोटंही नाही, मला कुठे काही दुखत नाही. बोथ्याच्या घाटात तुझ्या मोटारसायकलला रानातला रोही आडवा गेला हे भाऊजींनी सांगितलं, तेव्हापासून मला काही होणंच थांबलं आहे. डॉक्टर म्हणाले, कमरेखालचं परत येणार नाही, हात चांगले आहेत, खुर्चीवरून पुष्कळ करता येईल. तेव्हाही मी मान हलवली आणि त्यांनी दिलेली औषधांची चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली. देऊळगाव राजाहून माझी आई आली, गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत बसले होते. जाताना ती तुझ्या आईंना म्हणाली, पोरगी दगड झाली हो. मी आतून ऐकलं. कुकरची शिट्टी होत होती, मी गॅस बारीक केला.

तुझी खुर्ची भाऊजींनी मागच्या खेपेला आणून ठेवली, ते तुला माहीत आहे. तू आहेस त्या सेंटरमधल्या, व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी मला फोनवर सांगितलं होतं की माणूस यायच्या आधी घरच्यांनी स्वतः खुर्चीत बसून घर फिरून बघावं. एका रविवारी दुपारी आई देवळात गेल्या होत्या तेव्हा मी बसले. पाय उचलायचे नाहीत असं ठरवलं. स्वयंपाकघरातल्या फळीवरचा साखरेचा डबा दिसत होता, हाती येत नव्हता. मागच्या दाराची वरची कडी तर आभाळात. पंख्याचं बटण बोटाच्या टोकाला लागून सुटत होतं. बाथरूमच्या दारात खुर्ची अडकली, चाकाला फक्त दाराच्या जाडीएवढीच जागा कमी पडत होती. दार काढलं तर जाईल हे तिथे बसल्या बसल्याच कळलं. तेवढ्यात आई आल्या. मला त्या खुर्चीत बघून त्यांनी भिंतीला हात टेकला. म्हणाल्या, "ऊठ तिथून. चांगल्या पायाच्या माणसानं बसू नाही तिच्यात." मी उठले. 

हरिओम मिस्त्रीला बोलावलं. तो आला, सगळं बघितलं, टेप लावला, चहा घेतला आणि "परवा येतो" म्हणून गेला. मग त्याच्या साडूच्या घरी लग्न निघालं, मग चिखलीकडे मोठं काम निघालं. फोन केला की म्हणायचा, "येऊन राह्यलो ना ताई, निघालोच." त्याचाही दोष नाही, चार खिळे आणि दोन दांड्यांच्या कामाला कोण मोकळं असतं. मला त्याचा राग यायला हवा होता, तोही आला नाही. फक्त एवढं लक्षात आलं की तू यायच्या आधी हे व्हायचं असेल तर मलाच करावं लागेल. म्हणून मी कलीमभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

कलीमभाईंची आसमा तुझ्याकडे दहावीच्या गणिताला होती, आठवते का? काळ्या फ्रेमचा चष्मा लावायची ती. बी. कॉम. झाली आणि आता दुकानात बसते. मी ड्रिल मशीन दाखवा म्हटल्यावर कलीमभाईंनी माझ्यापुढे वायरवाली भलीमोठी मशीन ठेवली आणि म्हणाले, "हे घ्या भाभी. पिलरलेही भोक पाडते. सरांच्या घरात हलकी चीज नाही द्यायचा मी." मी ती उचलली. दोन्ही हातांनी कमरेपर्यंत आली, खांद्यापर्यंत नेली तेव्हा हात लटपटायला लागले. आसमाने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि वडिलांना म्हणाली, "अब्बा, पहले काम तो पूछो." मग मला विचारलं, "मॅडम, काय काय करायचं आहे?" मी सांगायला लागले. बाथरूमचं दार काढायचं आहे, त्याचे बिजागरीचे कब्जे गंजले आहेत. कमोडच्या बाजूला धरायच्या स्टीलच्या दांड्या लावायच्या आहेत. कडी खाली घ्यायची आहे, आरसा खाली घ्यायचा आहे, फळ्या खाली घ्यायच्या आहेत. तीन-चारदा 'खाली' म्हटल्यावर त्या पोरीने चष्मा काढून ओढणीला पुसला. कलीमभाई उगाच स्क्रूच्या पुड्या इकडच्या तिकडे करायला लागले.

तिने बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मशिनी काढल्या. वायर नको, कारण बाथरूममध्ये ओल असते, आणि आपल्याकडे दुपारची लाइट जाते हे तुला सांगायला नको. बॅटरी आदल्या दिवशी चार्ज करून ठेवली की काम अडत नाही. मला वाटत होतं एक ड्रिल घेतली की झालं. पण दोन वेगवेगळ्या असतात. ड्रिल भोक पाडते, आणि विटेच्या भिंतीसाठी तिच्यात ठोके देण्याची सोय लागते, नाहीतर टोक नुसतं गरगर फिरतं आणि भिंत पांढरी होते. दुसरीला इम्पॅक्ट ड्रायव्हर म्हणतात. ती ड्रिलपेक्षा आखूड असते आणि लांब स्क्रू लाकडात बसवायला, जुने अडकलेले काढायला असते. स्क्रू अडला की ड्रिल आपलं मनगट पिरगाळते. ही पिरगाळत नाही, आतल्या आत ठोके देत फिरवते. आवाज मात्र पत्र्यावर गारा पडल्यासारखा. आसमाने एक जुनी सागाची फळी आणली आणि दोन्हींनी एकेक लांब स्क्रू माझ्याकडून बसवून घेतला. ड्रिलने अर्धा गेला आणि माझा हात वळला. दुसरीने पूर्ण गेला, मला कळलंसुद्धा नाही. मग एकाच कंपनीच्या दोन्ही घेतल्या, म्हणजे दोघींना तीच बॅटरी लागते. मोठी बॅटरीही होती, जास्त वेळ चालणारी, पण ती लावली की मशीन जड होते. मी दोन्ही लावून हात डोक्याच्या वर धरून बघितला आणि छोटी घेतली. कलीमभाई निघताना म्हणाले, "भाभी, भिंतीत विटा आहेत का काँक्रीट, ते आधी बघजा. बीममध्ये ही नाही जाणार, मशीन जळून जाईल." आणि मग एवढंच, "सरांले सलाम सांगा."

सांगितला.

पहिलं भोक मी बाथरूममध्ये पाडायला नको होतं. टाइलवर ठोके द्यायचे नसतात, टाइलचं वेगळं टोक लावून नुसतं हळू फिरवायचं आणि पलीकडे वीट लागली की मग ठोके सुरू करायचे. आसमाने सांगितलं होतं, मी विसरले. टाइल तडकली, कमोडच्या उजव्या हाताची, खालून दुसरी. ती तशीच आहे, तू आलास की दिसेल. पुढच्या टाइलवर चिकटपट्टी लावली, त्यावर पेन्सिलीने खूण केली आणि सावकाश केलं. भोक पडलं, त्यात प्लास्टिकची गिट्टी बसली, तिच्यात स्क्रू बसला. अशा सगळ्या दांड्या लावून झाल्यावर मी एकेकीला दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. एकही हलली नाही. संध्याकाळी पोळ्या लाटताना हात झिणझिणत होते, कोपरापर्यंत. मी लाटणं ठेवून हातांकडे बघत राहिले. इतक्या महिन्यांत अंगात कुठेतरी काहीतरी होतंय असं पहिल्यांदा वाटलं. जेवणं होईपर्यंत ते गेलं.

आईंना आधी ते आवडलं नव्हतं. "बाईनं भिंतीले भोकं पाडाची, लोक काय म्हणतीन," असं त्या शेजारच्या सोजराबाईंना कुंपणापलीकडून सांगत होत्या. पण आरशाच्या वेळी मी एका हाताने मशीन आणि दुसऱ्या हाताने धूळ झेलायला कागद धरते आहे हे बघून त्या उठल्या. गेल्या वर्षीच्या कालनिर्णयाचं पान काढलं, त्याची पन्हाळी केली आणि भोकाखाली धरून उभ्या राहिल्या. विटेची लाल धूळ त्यांच्या हातावर, बांगड्यांवर पडत होती. डोळे घट्ट मिटलेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर म्हणाल्या, "आज काय करतं? कडीचं राह्यलं ना वं?" आता पान त्यांचं आणि मशीन माझी असं ठरून गेलं आहे. आम्ही दोघी काम करताना तुझ्याविषयी बोलत नाही. भोक सरळ आहे का, एवढंच बोलतो.

बाथरूमचं दार शेवटी काढलं. कब्जाचे स्क्रू गंजून लाकडात एकजीव झाले होते. हातातला पेचकस घसरायचा, ड्रिलने डोकी खरडली गेली. इम्पॅक्ट ड्रायव्हर उलटा फिरवायला लावला, अंगाचा भार देऊन दाबून धरला. घरभर तो खडखडाट. सोजराबाई धावत आल्या, आईंना "काय पडलं वं शालूबाई?" म्हणत. आणि एकाएकी तो स्क्रू सैल पडून फिरायला लागला. मग बाकीचेही आले. दार माझ्या अंगावर कलंडलं, आईंनी आणि सोजराबाईंनी धरलं, आम्ही तिघींनी ते मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. त्याच्या जागी जाड पडदा लावला आहे, निळा. मी परत खुर्चीत बसून गेले. चाकं चौकटीला न घासता जेमतेम जातात.  या वेळी पडदा आईंनीच बाजूला धरला.

आता तुझ्या निरोपाचं. मागच्या खेपेला मी आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडून होतास, मी गेल्यावर भाऊजींना म्हणालास, तिले सांग देऊळगावले जाय, तिचं वय काय आहे, माझ्यापायी तिनं काऊन बसावं. भाऊजींनी पुष्कळ दिवस मनात ठेवलं. मग एकदा अंगणात उभं राहून, माझ्याकडे न बघता सांगितलं. मी "बरं" म्हटलं आणि वाळलेले कपडे काढायला गेले. त्यांना वाटलं मी विचार करते आहे. मी विचार करत नव्हते. मला रागही आला नाही, वाईटही वाटलं नाही. सौमित्र, मला तुझ्याइतकंच कमी जाणवतं आहे सध्या, म्हणून मोठं काही लिहिता येत नाही. हे सगळं मशिनींचं लिहिलं कारण मी जे केलं तेवढंच मला सांगता येतं. काल तुझ्या क्लासची पोरं आली होती. परीक्षा जवळ आली आहे, सर कधी येतील विचारत होती. ती गेल्यावर मी समोरच्या खोलीतला फळा खाली उतरवला. पहिल्यांदा तू उभा राहून लावलेला, त्याची भोकं तुझ्या डोक्याच्या वर आहेत. आई म्हणाल्या, माझ्यावरून माप घे, आणि खुर्चीत बसून हात वर केला. पण त्यांचा हात तुझ्यापेक्षा केवढातरी आखूड आहे. फळा उंच लागला तर वरच्या ओळी तुला लिहिता येणार नाहीत, फार खाली लागला तर मागच्या पोरांना दिसणार नाही. भाऊजींच्या पिशवीत टेप ठेवला आहे. खुर्चीत ताठ बस, हातात खडू धरल्यासारखं पेन धर, जेवढा जातो तेवढा हात वर कर आणि जमिनीपासून पेनाच्या टोकापर्यंत त्यांना मोजू दे. बाकी काही लिहू नकोस, फोनही करू नकोस. फक्त तो आकडा पाठव. बॅटरी चार्ज करून ठेवली आहे.

घरीच आहे,
तुझीच,
निशिगंधा