तीन फळ्यांची गाडी

दीपनगर,
२८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. डिंपल हिला,
आबांचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. धुळ्याला तुम्ही सगळे बरे असाल. किरणरावांच्या पाठीचं दुखणं कमी झालं का ते कळव.

फोन सोडून आबांना पत्राचं काय सुचलं, असं म्हणशील. या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळं आईच्या कानावर जातं. आणि आईला वाचता येत नाही. ती आत्ता माझ्यासमोरच बसून गादीची खोळ शिवते आहे. मी गाड्यांची चौकशी तुला कळवतोय, असं तिला सांगितलं आहे. ते खोटं ठरू नये म्हणून आधी गाड्यांचंच लिहितो.

मे महिन्यात रिटायर झालो. ऑक्टोबर संपायच्या आत क्वार्टर सोडायचं आहे. सगळे म्हणतात, भुसावळला घर बघा. आई म्हणते, घर नको, गाडी घ्या. गाडीतच राहू आणि गावोगाव पियुषला शोधू. परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाला म्हणून मी जेवणाच्या ताटावर त्याला बोललो आणि तो उठून गेला, त्याला चार वर्षं झाली. चार वर्षं आम्ही एसटीने, रेल्वेने हिंडलो. आईचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत. शिवाय परत यायला घरच नसलं म्हणजे शोध अर्धवट टाकून यावं लागणार नाही, असं तिचं म्हणणं.

एप्रिलच्या शेवटी आखाजीच्या सणाला तू माहेरी आली नाहीस. फोनवर म्हणालीस, "आबा, आता पुरे करा." मी फोन ठेवून दिला आणि तेव्हापासून आपलं बोलणं नाही. त्याच्याकडे नंतर येतो.

जळगावला बन्सीलाल म्हणून एक जुन्या गाड्यांचा व्यापारी आहे. त्याने पहिली दाखवली ती अँब्युलन्स. झोपायची सोय आयती, आत ताठ उभं राहता येतं. बन्सीलालला वाटलं मी उडीच मारीन. आई दारातूनच मागे फिरली. मग शाळेची बस पाहिली. तिच्यात संसार काय, लग्नाचं वऱ्हाड राहील, पण ती वळवायला मैदान लागतं.

तिसरी ईको. ही मला मनापासून आवडली. हलकी, कुठल्याही गल्लीत शिरणारी. मागच्या सीटा काढल्या की दोघांची गादी, गादीखाली डबे, मागच्या दाराशी शेगडी. कपडे बदलायचे तर वाकून बदलावे लागतील, पण दोन म्हाताऱ्यांना लागतं किती? मेहरूण तलावाच्या कडेने दोन चकरा मारल्या. टेप लावून सगळं मोजलं आणि कागदावर नकाशा काढला. आबा मोजल्याशिवाय जेवायलाही बसत नाहीत, असं तूच म्हणायचीस. तीस वर्षं वीजकेंद्राच्या बॉयलर मेंटेनन्समध्ये गेल्यावर दुसरं काय होणार.

तो नकाशा आईला दाखवला. तिने झोपायच्या जागांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "आनि पोऱ्या भेटना तं तो कोठे निजी?"

म्हणून मग चौथी पाहिली. ट्रॅव्हलर, उंच छताची. तीन फळ्या बसतात, पाण्याची टाकी बसते. डिझेल भरपूर पिते आणि माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. बन्सीलालने विचारलं, "भाऊ, तिसरी फळी केवढी करू?" मी म्हटलं, सहा फूट, मुलगा पाच फूट दहा आहे. "कुठे असतो?" मी म्हटलं, येईल. त्याने माप लिहून घेतलं.

डिंपल, तो येणार नाही.

सव्वीस जुलैला खंडव्याच्या पुढच्या एका पोलीस ठाण्यातून फोन आला. असे अकरा फोन आधी येऊन गेले होते. अकरा वेळा मी जाऊन पाहिलं आणि घरी येऊन "तो नव्हता" असं सांगितलं. या वेळी चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. सावद्याला मामाच्या बागेत केळीचं पान कापताना विळा लागला होता, तू ओढणीने बांधलं होतंस, आणि ते नख पुढे कायम दोन फाकांचंच वाढलं. ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे.

तीन-चार दिवसांपूर्वी तापाने गेला, म्हणाले. रेल्वेच्या पुलाखाली राहायचा. त्या पुलावरून फेब्रुवारीत आम्ही दोघं त्यालाच शोधत गेलो होतो. आईला खिडकी मिळाली होती. म्हणजे आखाजीला तो जिवंत होता. हे तुला लिहू नये असं वाटलं, पण आता काही लपवायचं नाही. तू दोष घेऊ नकोस. पुलावरून मी गेलो, तू नाही.

अग्नी तिथेच दिला. तिथला माणूस म्हणाला, "भाईसाब, बाल?" मी म्हटलं, नंतर. डोकं आणि मिशी उतरवून घरी आलो असतो तर आईला दारातच कळलं असतं. केस तसेच ठेवून मी माझ्या पोराला अग्नी दिला.

आई नेहमीसारखी दारात उभी होती. सांगायचं ठरवूनच आलो होतो. पण अकरा वेळा बोललेलं वाक्य तोंडात बसलेलं होतं, तेच बाहेर पडलं. तिने देवापुढे साखर ठेवली. म्हणाली, "तो शे अजून. आते गाडीच ल्या." गाडीची सगळी गोष्ट तिथून सुरू झाली.

आठ दिवसांनी कानबाईचा सण आला. सुतकात देवी बसवली मी. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, ते तुला ठाऊकच आहे. माझ्या नावाचे काढले आणि हात थांबला. आई म्हणाली, "आनि पियुषनी मूठ?" मी ती काढली. गेलेल्या पोराच्या नावाचा रोट आम्ही दोघांनी बसून खाल्ला. देवीने काय ते समजून घेतलं असेल.

काल मनाशी पक्कं केलं होतं की ईकोच घ्यायची. ईको घ्यायची तर तिसरी जागा का नको, ते आईला सांगावं लागणार. जळगावपर्यंत बसमध्ये तिच्या शेजारी बसून शब्द जुळवत गेलो. तिथे पोचलो तर ती माझ्या आधी ट्रॅव्हलरमध्ये चढली, तसल्या गुडघ्यांनी, आणि तिसऱ्या फळीच्या जागेवर आडवी झाली. पियुषला उकडतं, तिथे वारा लागेल का, ते पाहत होती. मी ट्रॅव्हलर पक्की केली.

दसऱ्याला गाडी येईल. दिवाळी झाली की निघू. मी चालवीन, ती उतरून लोकांना फोटो दाखवील. असं किती वर्षं चालेल, माहीत नाही. तू म्हणशील, आबा, सांगून टाका. मला कळत नाही असं नाही. मला भीती वाटते पोरी. ती या एका आशेवर उठते, जेवते. ती काढून घेतली तर तिला द्यायला माझ्याजवळ काहीच नाही.

तू तीन दिवसांचं सुतक पाळ. किरणरावांना सांग, बाकी कोणाला नको. माझ्या घरी पाळलं गेलं नाही, तुझ्या तरी घरी पाळलं जाऊ दे. आणि भाऊबीजेला दरवर्षीसारखा आईचा फोन येईल. पियुषचा पाट मांडलास का, म्हणून विचारील. हो म्हण.

खोळ शिवून झाली. ही तिसरी. आईने दोरा दातांनी तोडला आणि विचारते आहे, पत्र झालं का. म्हणते, "दोन्ही लेकरेस्ले मन्हा आशीर्वाद लिखा."

तुम्हा दोघांना आईचे आशीर्वाद.

तुझे,
आबा