डब्यातले कान

कळंब, १४ सप्टेंबर

तीर्थरूप सिद्धाराम काका,

शिवरंजनीचे शरणु शरणार्थी. तुमचा खोकला उतरला असेल आणि सास्तूरला सगळे खुशाल असतील असं धरून चालते. (खोकला उतरला नसेल तर हे पत्र आज वाचू नका, हसून पुन्हा ढास लागेल.)

मी आणि पार्वतम्मा आत्या नळदुर्गचा किल्ला पाहून सुखरूप परतलो. ‘सुखरूप’ हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. ही सहल म्हणजे अप्पांनी घेतलेली परीक्षा होती. कानात दोन मशिनं घालणारी मी आणि पोलिओच्या पायामुळं कुबडी घेणारी आत्या, अशा दोघीच एक दिवस नीट जाऊन आलो, तरच दिवाळीत गणपतीपुळ्याला जाऊ देणार होते. आत्यानं साठ वर्षांत समुद्र पाहिलेला नाही. मला तो ऐकायचा आहे.

किल्ल्यावर पायऱ्या लागल्या तशी आत्या सावलीत बसली आणि म्हणाली, “जा, माझ्या वाटणीचं पण बघून ये.” (लहानपणी आरशासमोर बसवून मला ओठ वाचायला तिनंच शिकवलं, त्यामुळं तिचं मला लांबूनही कळतं.) खाली धबधब्याचे तुषार उडत होते, म्हणून मी मशिनं काढून चकलीच्या रिकाम्या डब्यात ठेवली. मशीन काढलं की सेलचं झाकण उघडायचं, नाहीतर बंद जागेत ते शिट्टी मारत राहतं. ही सूचना माझ्या वहीत लाल शाईनं लिहिलेली आहे. वही घरी होती.

परतीच्या बसमध्ये आत्या पुढं दिव्यांगांच्या जागेवर बसली. शेजारची जागाही माझ्याच हक्काची, पण माझ्याहून गरजू कुणी चढेल म्हणून मी डबा, मशिनं आत तशीच ठेवून, आत्याच्या डोक्यावरच्या फळीवर ठेवला, मागं गेले आणि खिडकीबाहेर पाहत बसले. थोड्या वेळानं बस थांबली आणि सगळे घाईनं उतरू लागले. वर पाटी होती, बेवारस वस्तू दिसल्यास वाहकास कळवा. मी ओळखलं, काहीतरी सापडलंय. मी एका आजींना हात देऊन उतरवलं, दोन पोरांना बसपासून लांब केलं आणि कंडक्टरला बजावलं की कुणी हात लावू नका, पोलिसांना फोन करा. तेव्हा कुठं तो माझ्याकडं तोंड करून म्हणाला, “चकलीचा डबा शिट्ट्या मारायलाय, ताई!”

काका, मी हात वर केला.

“तुझा हाय व्हय? तीनदा इचारलं की गं!”

मी धावत आत गेले, तर आत्या जागची हललीच नव्हती. (“पुन्हा चढायचं कुणी? फुटला तर फुटला.”) बस रिकामी झाल्यावर तिनं कुबडीनं डबा खाली ओढून मांडीवर उघडला होता आणि पदर तोंडाला लावून हसत होती. पदर बाजूला करून म्हणाली, “रंजे, तुझे कान लई वरडायलेत गं!”

मी सर्वांची वेगवेगळी माफी मागितली. कुणी रागावलं नाही. उतरवलेल्या आजींनी, सिताबाई त्यांचं नाव, मला शेजारी बसवून घेतलं. धाराशिव येईपर्यंत जो तो वळून, तोंड समोर धरून माझ्याशी बोलत होता. कंडक्टर तर प्रत्येक थांब्याचं नाव माझ्यापुढं येऊन सांगून गेला.

हे सगळं मी घरी येताच अप्पांना सांगितलं. (आत्यानं खुणेनं गप्प बस म्हटलं होतं. मला जमलं नाही.) अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “जा समुद्राला. पण एक धड माणूस बरोबर पाहिजे. सिद्धारामला विचार.” तरी त्यांच्या आज्ञेप्रमाणं विचारते: याल का?

तुमची,
शिवरंजनी

ता. क. आत्या म्हणते, तुम्ही मायाळू आहात, लगेच हो म्हणाल. हीच काळजी आहे.

ता. क. २. काका, कृपा करून नाही म्हणा. आम्हा दोघींनाच जायचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तर बरोबर पाठवायला अप्पांच्या मनात दुसरं कुणी नाही, आणि आत्याला ते नाही म्हणू शकत नाहीत. पण खोटं कारण सांगू नका, मला झोप लागणार नाही. दिवाळीच्या त्या आठवड्यात तुमची सोयाबीनची मळणी, रास असते ना? आधीच उरकणार असेल, तर चार दिवस लांबवा.