नोएमीचं रक्त, आमचं तेल

१४ ऑक्टोबर, मंगळवार
उद्यापासून तेलघाणा सुरू. यंदाचे संकल्प तीन. सिगारेट दिवसाला चारच. सासूबाईंना उलट बोलायचं नाही. रोज डायरी.
नोएमीच्या बालवाडीतून पत्र आलं. सप्टेंबरात विद्यापीठाची माणसं येऊन पोरांच्या रक्ताचे थेंब घेऊन गेली होती. लहान मुलांच्या रक्तातली स्निग्ध आम्लं आणि शरीरातली सूज यांचा काय संबंध, ते त्यांना बघायचंय. पत्राच्या वरच्या भागात लिहिलंय: ओलेइक आम्ल, प्रमाण उत्तम. ओलेइक म्हणजे ऑलिव्हच्या तेलातलं. म्हणजे आमचंच. साडेचार वर्षांची पोर, आणि रक्तात आमचा घाणा वाहतोय. डोळे भरून आले.
खाली एक ओळ आहे. सीआरपी नावाचं सुजेचं माप वाढलंय, सर्दीताप नसल्यास डॉक्टरांना दाखवावं. सर्दी होतीच तेव्हा. बहुतेक.

१५ ऑक्टोबर
बायकोला पत्र दाखवलं. एर्मेलिंदाने नेमकी खालचीच ओळ वाचली. म्हणाली, सर्दी नोएमीला नव्हती, तुला होती. एका घरातली सर्दी ती. कुणाची कशी मोजणार?
सिगारेटी अकरा. घाण्याचा पहिला दिवस धरायचा नाही.

१८ ऑक्टोबर
पत्राची झेरॉक्स फ्रेम करून दुकानाच्या काचेवर लावली. कागद लांब, फ्रेम आखूड, म्हणून खालचा भाग दुमडला. यात लपवाछपवी नाही. कोलुच्ची मास्तर चष्मा वर करून दोनदा वाचून गेले. म्हणाले, साबिनो, तू तेल विकतोयस की मुलीचं रक्त? मास्तर विनोदी आहेत. नेहमी पाच लिटर नेतात, आज एकच नेलं.

२७ ऑक्टोबर, सकाळी सात
नोएमी पलंगावरून उतरताना लंगडली. नवे बूट चावत असणार. एर्मेलिंदा म्हणाली, तिच्या पायात बूट नाहीयेत. बरोबर आहे, पण दिवसभराच्या बुटांचा त्रास सकाळी जाणवतो. दहा वाजता पोर अंगणात कोंबड्यांमागे धावत होती. बघा.

२ नोव्हेंबर, रविवार
आज मृतांचा दिवस. दफनभूमीत सासऱ्यांच्या थडग्यावर फुलं वाहायला गेलो. जेरार्दाबाई, म्हणजे सासूबाई, सगळ्या गावासमोर म्हणाल्या, जावईबापू, पोरीचा डावा गुडघा पावासारखा फुगलाय, डोळे कुठे ठेवलेत? संकल्प आठवला. मग म्हटलं, तुमचे तर दोन्ही फुगलेत. संकल्प उद्यापासून पुन्हा.

५ नोव्हेंबर
उपाय ठरला. रोज सकाळी अनशापोटी दोन चमचे तेल. ऑलिव्ह तेलाने सूज उतरते, असं डिसेंबरातल्या तेलाच्या मेळ्याच्या पत्रकात छापलेलं आहे. पत्रक मीच छापलंय, पण कुठेतरी वाचूनच.

११ नोव्हेंबर
एर्मेलिंदाने शुक्रवारची डॉक्टर पेत्रिल्लोंची वेळ घेतली. शुक्रवारी घाण्यावर गर्दी, गाडी मला लागणार. दवाखान्यात फोन करून वेळ डिसेंबरात ढकलली. एर्मेलिंदाला सांगितलं, डॉक्टरांनीच ढकलली. अगदीच खोटं नाही. डॉक्टर ‘बरं’ म्हणाल्या होत्या.
संध्याकाळी नोएमी मांडीवर झोपली. गुडघ्याला हात लावून पाहिला. गरम लागला. अर्थात, मी बाहेरून आलो होतो. हात माझेच गार.

२३ नोव्हेंबर
तेल चालू. गुडघा तसाच. तेल अंगी लागायला हालचाल हवी, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. सकाळी तिला चौकातल्या कारंज्यापर्यंत पळवत नेलं. म्हणाली, बाबा, माझा पाय अजून झोपेतून उठला नाहीये. किती गोड बोलते. दोन फेऱ्या मारायला लावल्या. दुसरीत रडली. मुलं रडतातच.
सिगारेटी मोजल्या नाहीत.

८ डिसेंबर, सोमवार. दुपार
तेलाचा मेळा. नोएमीला पांढरा फ्रॉक, डोक्यात ऑलिव्हची डहाळी. ठरलं असं होतं की मी व्यासपीठावरून पत्र वाचायचं आणि तिने चार पायऱ्या चढून मला नव्या तेलाची बाटली द्यायची. वाचलं. टाळ्या झाल्या. तिला हाक मारली.
एक पायरी चढली. दुसरीवर बसली. मी म्हटलं, ये बाळा, सगळे बघतायत. बाटली वरच्या पायरीवर ठेवून, हातांवर रेटत ती बसल्या बसल्या वर सरकायला लागली. लोक आधी हसले. मग हसायचे थांबले. पाय सरळ होत नव्हता. माईक माझ्या हातात होता आणि मी म्हणालो, जरा लाजाळू आहे.
सासूबाईंनी वर येऊन तिला उचललं. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढत नाहीत त्या. मला म्हणाल्या, बाजूला हो. आयुष्यात पहिल्यांदा जावईबापू म्हणाल्या नाहीत.

११ डिसेंबर, गुरुवार
नेपल्स. मुलांचं इस्पितळ. लहान मुलांचा संधिवात. असाही असतो, मला माहीत नव्हतं. त्यात डोळ्यांनाही सूज येऊ शकते, म्हणून डोळेही तपासले. डोळे ठीक.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाय कधीपासून आखडतोय? म्हटलं, आठवडाभर. एर्मेलिंदा माझ्याकडे न बघता म्हणाली, सत्तावीस ऑक्टोबरपासून. मी विचारलं, तेलाने काही? बाई म्हणाल्या, तेल खाऊ द्या, चांगलंच आहे, पण हा आजार त्याने बरा होत नाही. आधी आणली असती तर गुडघा इतका आखडला नसता. व्यायामाने बराचसा सुटेल. बराचसा म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. एर्मेलिंदाने विचारलं. बाई म्हणाल्या, आत्ता सांगता येणार नाही.
मी ढकललेल्या नोव्हेंबरातल्या वेळेचंही एर्मेलिंदाला कळलंय. पेत्रिल्लोबाईंना तिने फोन केला होता. परतताना गाडीत मी रस्त्यावरच्या गर्दीबद्दल बरंच बोललो.

१८ डिसेंबर
पुन्हा नेपल्स. एर्मेलिंदाला ताप, म्हणून सासूबाई सोबत. औषधाचं पहिलं इंजेक्शन. नर्सने विचारलं, हिला कोण धरणार? मी पुढे झालो. नोएमीने विचारलं, बाबा, दुखेल? म्हटलं, मुळीच नाही. मग तिने आजीला विचारलं. सासूबाई म्हणाल्या, दुखेल, आपण दहापर्यंत मोजू तेवढा वेळ.
जाऊन आजीच्या मांडीवर बसली. नर्स म्हणाली, खोली लहान आहे, एकानेच थांबा. बाहेर आलो.
दाराआडून ऐकू येत होतं. एकदा ओरडली. मग दोघी मोजायला लागल्या. सातनंतर ती नेहमी नऊ म्हणते. नऊच म्हणाली. मी बाहेर उभा राहून आठ म्हटलं.