वस्तादांचा हात

अण्णा, तुमचा फोटो तालमीत लावायचं ठरलंय. काल मंडळाचे अध्यक्ष घरी येऊन गेले. कडक इस्त्रीचा शर्ट, दोन मोबाइल, चहा नको नको म्हणत दोन कप प्यायले. "काकू, रविवारी तुम्ही बोलायचं. खांद्याचा किस्सा तर पाहिजेच. वस्तादांचा हात म्हणजे काय, नव्या पोरांना कळू दे की." मी म्हटलं, "येईन, पण खरं तेच सांगीन." "अहो, मग खरंच तर सांगायचंय!" म्हणाले आणि खूश होऊन जिना उतरले. मला त्यांची कीव आली. तुमची नाही आली.

शनिवार पेठेतला तो तालमीबाहेरचा दगडी ओटा. आत लाल मातीत बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही, म्हणून माझा खेळ ओट्यावर. मुरगळलेले, निखळलेले लोक सकाळी तुमच्यापुढे बसलेले असायचे. एखादा कारकून बिचकायचा, "वस्ताद, त्यापेक्षा दवाखान्यातच जातो." की लगेच हाक, "इकडे ये गं." मी नऊ-दहा वर्षांची. तुम्ही माझा दंड धरता, मागे वळवता, खांदा खटकन बाहेर. बघणारे तोंड फिरवतात. मग बगलेत अंगठा रोवून म्हणता, "वर बघ, घार आली." मी वर बघते आणि खांदा आत. "झालं!" कारकून मुकाट्यानं हात पुढे करतो. मला बक्षीस म्हणून पैलवानांच्या थंडाईतला एक पेला. घार कधीच नसायची. तरी मी दर वेळी वर बघायची, एवढी मी मूर्ख.

घरात कणीक मळताना बोटं उलटी वळायची, मनगट जागचं हलायचं. एकदा आईला म्हटलं, सगळं अंग दुखतं, रोजच दुखतं. तुम्ही शेजारी जेवत होता. ताटावरून मान वर न करता म्हणालात, "वस्तादाची पोरगी कण्हते, हे बाहेर कळलं तर माझ्याकडे कोण येईल?" आईनं तुम्हाला आणखी एक भाकरी वाढली. दुखणं माझं आणि अब्रू तुमची, अशी वाटणी त्या दिवशी झाली, ती तुम्ही गेल्यावरही कुणी बदलली नाही.

लग्नानंतर एकामागून एक डॉक्टर पालथे घातले. त्यांचं शिक्षण तुमच्याहून जास्त, अक्कल तेवढीच. एकानं मन रमवायला सांगितलं. एकानं वय झालं म्हटलं, तेव्हा मी पस्तिशीची होते. तिसरे माझ्याशी बोललेच नाहीत. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "मिसेसना थोडे दिवस माहेरी पाठवा, बरं वाटेल." हे उठले, माझी पिशवी खांद्याला लावली. "चल गं. ह्यांना काही कळत नाही," डॉक्टरांना ऐकू जाईल असं म्हणाले. ह्यांनी मला कधी काही करून दाखवायला सांगितलं नाही. बरण्यांची झाकणं सैल करून ठेवायचे. रस्ता ओलांडताना हात न ओढता पाठीवर तळवा ठेवायचे. हे गेले तेव्हाही माझ्या दुखण्याला नाव नव्हतं. नाव नसताना विश्वास ठेवणारा तेवढा एकच माणूस होता. मी अजूनही झाकणं घट्ट लावत नाही. साखरेत मुंग्या होतात, होऊ देत.

नाव कळलं ते म्हातारपणी. वाचनालयातून आरोग्यावरची पुस्तकं आणायची, शब्दकोश शेजारी घेऊन इंग्रजीसुद्धा रेटायची. एकात माझे सांधे सापडले. ते पान घेऊन एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी अंगठा मनगटाला टेकवायला सांगितला, करंगळी मागे वाकवायला सांगितली. पुन्हा दाखवणं आलंच. पण त्यांनी आधी विचारलं, "दुखेल का?" मग म्हणाल्या, शरीराला बांधून धरणारा जो धागा असतो, तो तुमचा जन्मापासूनच सैल आहे. असा खांदा निसटतो आणि बहुतेकदा आपला आपण परत जातो. मुद्दाम काढत राहिलं तर आणखी ढिला होतो. मी म्हटलं, "मग माझे वडील काय करत होते?" विचारता विचारताच मला उत्तर मिळालं. तुम्ही माझा खांदा बसवत नव्हता अण्णा, तुम्ही तो मोडत होता. आणि माणसं हात जोडत होती.

हेच रविवारी तुमच्या हारापुढे उभी राहून सांगणार आहे. अध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं होईल.

काल ते गेल्यावर मी साखरेची बरणी फळीवर ठेवायला गेले आणि खांदा निसटला. घरात कुणी नाही. स्टुलावर बसले. डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे हात सैल सोडला, सावकाश श्वास घेतला. जाईना. अंग दगडासारखं घट्ट झालेलं, डोळ्यांत पाणी. मग दुसऱ्या हाताचा अंगठा बगलेत गेला, नेमका तुमच्या जागेवर. तोंडातून मोठ्यानं निघालं, "वर बघ, घार आली." आणि ह्या वयात, स्वयंपाकघरात बसून, मी वर बघितलं. छताला पोपडे धरलेत. खांदा आत गेला.

बाकी सगळं सांगणार आहे. हे तेवढं नाही.