बुद्धिबळ मंडळातला तिसरा भिडू

माननीय त्यादेन मॅडम, कर कार्यालय,

आमच्या मंडळाची करसवलत चालू राहिल्याचं तुमचं पत्र मिळालं. हे उत्तर मी टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो.

आम्ही मुळात तिघं पत्तेबाज. मी, वीबके आणि बिचारा फोको. स्काट हा आमचा पत्त्यांचा डाव, तिघांनीच खेळायचा. पण सरकार बुद्धिबळाला खेळ मानतं आणि मंडळाला करमाफी देतं, पत्त्यांना नाही. फोको म्हणाला, "बुद्धिबळाचा पट खिडकीत मांडून ठेवू. घोडा कसा चालतो ते कोण विचारतंय?"

तुम्ही विचारलंत. स्पर्धेचा अहवाल मागितलात. झक मारत आम्ही शिकलो आणि स्पर्धा भरवली. गावातली चौदा माणसं आली, ती परत जाईनातच. आता पत्ते काढले की तीच आम्हाला दटावतात, "आधी मंडळाची घटना वाचा." त्यात गेल्या वर्षी फोको वारला आणि डावच मोडला.

आणि तुमच्या पत्राखाली पेनाने लिहिलंय, "मे महिन्यात निवृत्त होतेय. सभासद व्हायला आवडेल. बुद्धिबळ येत नाही. तुमच्याकडे स्काट चालतो का?"

वीबके म्हणाली, "आयलर्ट, हा सापळा आहे."

मी म्हटलं, "असू दे. तिसरी तरी मिळेल."

तेव्हा तुम्हाला फक्त सभासदत्वाचा कोरा अर्ज पाठवतोय. त्याच्या मागे एवढंच लिहिलंय, "गुरुवारी चहाला या. पट आमच्याकडे आहे. पत्ते तुम्ही आणा."

तुमचा करमुक्त,
आयलर्ट हार्म्स, अध्यक्ष